फाळक्यावरचा 'न'

"ज्ञानू, ती बादली खाली ठेव."

"का रं?"

"ठेव म्हणतोय ना मर्दा. आणि गाडीपासनं लांब हो. हात लावू नको, टेकू नको, जोरात श्वाससुद्धा घेऊ नको."

ज्ञानू डायवर बादली तशीच धरून माझ्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं, मी काहीतरी चेष्टा करतोय. त्याचंही बरोबर होतं. त्याच्या चहात तुरटी टाकणारा मीच, आणि त्याच्या ट्रकच्या मागं 'ड्रायव्हर विकणे आहे' असं रंगवून त्याला पार तुळजापूरपर्यंत फिरवून आणणारा पण मीच. पण त्या दिवशी चेष्टा नव्हती.

सोलापूरच्या बाहेर हायवेला ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्यांची शेडं होती. त्यातल्या एका शेडात मी मुजावर मामांच्या हाताखाली ट्रक रंगवायचो. ज्ञानू सांगलीकडची हळद उतरवून गाडी रंगाला घेऊन आलेला. रंगाच्या आधी गाडी धुवायची असते, म्हणून बादली. आणि गाडीच्या फाळक्यावर, म्हणजे मागं जी उघडायची फळी असते तिच्यावर, धुळीत बोटानं काहीतरी लिहिलेलं होतं. अक्षर माझ्या बायकोचं, शालनचं. लाखात ओळखेन.

आधी 'येऊ'. शेवटी 'का'. आणि मधे वीतभर पुसलेलं.

"मामा," मी हाक मारली, "जरा इकडं या."

मुजावर मामा कानावर ब्रश अडकवून आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी वाचलं. "येऊ का. मग चांगलंय की बे! बायको विचारतीय, येऊ का. बोलाव."

"मधलं बघा."

"मधे कुठं काय आहे?"

"तेच म्हणतोय. आत्ता काय नाही. पण आधी काय होतं? 'न' असला तर?"

मामांनी मनातल्या मनात तिथं 'न' बसवून बघितला. त्यांचा चेहरा उतरला.

"येऊ नका," ते हळूच म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, बायको धुळीत कशाला लिहिते, पोस्ट बंद पडलं होतं का? सांगतो.

मी तडीपार होतो. तडीपार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं मिशीवाला पैलवान येतो, गळ्यात साखळी, कमरेला काहीतरी खोचलेलं. मी काडीपैलवान पेंटर. आमच्या गावचं नाव सांगत नाही, पुन्हा तडीपार व्हायचं माझं वय राहिलं नाही. गावात आमच्या मंडळाचा एक फळा होता चौकात, त्यावर रोज सुविचार लिहायचं काम माझ्याकडं. आता रोज रोज सुविचार कुठनं आणायचे? मग मी कुविचार लिहायला लागलो. फळ्यापुढं गर्दी व्हायला लागली. एकदा आमच्या नेत्यांनी, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, एकाच मुतारीचं तिसऱ्यांदा उद्घाटन केलं. मी लिहिलं, 'मुतारी तीच, धार नवी. भाऊंचे अभिनंदन.'

भाऊंना विनोद कळला, हाच घोळ झाला. पुढं जिथं जिथं मारामारी झाली तिथं तिथं माझं नाव निघायला लागलं. एका मारामारीच्या वेळी मी स्वतःच्या लग्नात बोहल्यावर उभा होतो, तरी तिथं जाऊन मी कुणाचं तरी डोकं फोडलं होतं म्हणे. मग कागद झाला. सांगली, सातारा, कोल्हापूर, तिन्ही जिल्ह्यांतनं दोन वर्षं बाहेर. लग्नाची हळदसुद्धा नीट निघालेली नव्हती.

जेलात गेलेल्या माणसाला निदान कुणी भेटायला येतं, डबा येतो. तडीपाराला अख्खं जग मोकळं असतं, फक्त घर सोडून.

पहिलं पत्र मी घरी पाठवलं. आमच्या आबांची जकात नाक्यावर चहाची टपरी. पोस्टमननं पत्र आबांच्या हातात दिलं, आणि लेकाचं पत्र आलं या आनंदात आबांनी ते टपरीवर उभं राहून सगळ्या डायवर लोकांना वाचून दाखवलं. बरं झालं, मी नुसत्या गमती लिहिल्या होत्या. लोक म्हणे पोट धरून हसले. शालन मागं भांडी घासत होती, तिनं पण ऐकलं. पण नवराबायकोतलं म्हणून जे काय असतं ते त्या पत्रात लिहायची सोय राहिली नाही. फोन होता, तो टपरीसमोरच्या कोरेशेठच्या किराणा दुकानात. कोरेशेठ भाऊंचा माणूस. आणि डायवरच्या हाती निरोप द्यावा तर ज्ञानूसारखी माणसं! 'बरा आहे' असा निरोप दिला तर नाक्यावर पोहोचेपर्यंत माझं लिव्हर काढलेलं असायचं.

मग मला ती कोपऱ्यातली जागा सापडली.

ट्रक रंगवून झाला की खाली कोपऱ्यात पेंटरची सही असते. अमुक आर्ट, सोलापूर. मालक ती वाचत नाही, डायवर वाचत नाही. मामांनी ती जागा मला दिली होती. म्हणाले, "वर माझं, खाली तुझं." चार बोटं जागा. पहिल्या ट्रकवर मी नुसतं 'सुबराव' लिहिलं. आमच्या बाजूला जाणारा ट्रक होता, जकात भरायला नाक्यावर थांबणारच. तो माघारी आला तेव्हा माझ्या नावाखाली धुळीत बोटानं लिहिलेलं होतं: 'बघितलं'.

त्या दिवशी मी मामांना उचलून गरगर फिरवलं. मामा म्हणाले, "पाठ गेली बे माझी!"

तिथनं सुरू झालं. पण चार बोटांत मावणार किती? 'तुझ्याशिवाय करमत नाही' मावत नाही. 'करमत नाही' मावतं. मग 'करमत नाही'. मग 'आमटी जमली'. मग 'झोप नाही'. आणि कुठला ट्रक कुठं जाईल याचा भरवसा नसायचा. सांगलीला म्हणून निघालेला मधेच माल मिळाला की भलतीकडं पळायचा. 'तू हसायचीस' हे नागपूरला गेलं. तिथली कुठली बाई ते वाचून दचकली असेल, देव जाणे. मला कधी कधी वाटायचं, मी इथं मेलो तर माझं एक वाक्य गोळा करायला पोलिसांना सहा राज्यं फिरावी लागतील.

शालनचं पण तसंच. तिच्या धुळीतलं अर्धं वाऱ्यानं जायचं, अर्धं ताडपत्रीच्या दोरीनं. 'रेडकू झा'. '…बा बोलत नाहीत'. एकदा नुसतंच 'चिंच'. त्या चिंचेवर मी दोन दिवस विचार केला. चिंचा आल्या? चिंच पडली? चिंच खावीशी वाटते? ते शेवटचं तर शक्यच नव्हतं, मी हिशोब केला होता.

आणि आता हे, 'येऊ', पुसलेलं, 'का'.

"कुणी पुसलं?" मी ज्ञानूला विचारलं.

"मला काय म्हाईत? मी म्होरं बघून गाडी चालिवतो, मागं बघून न्हाई."

"वाटेत कुठं थांबलेलास?"

"सांगोल्यात. च्या प्यालो. गाडीच्या मागं सावलीला जरा टेकलो."

मी आणि मामांनी एकमेकांकडं बघितलं.

"शर्ट काढ," मी म्हणालो.

"आँ?"

"शर्ट काढ ज्ञानू. तुझ्या पाठीवर माझ्या बायकोचं अक्षर आहे."

"हे बघ सुब्या, आसलं वंगाळ बोलायचं न्हाई. वहिनी हायत त्या माझ्या."

दोघांनी धरून त्याचा शर्ट काढला. उन्हात दोरीवर पसरला. मामांनी आरसा आणला, का तर अक्षर उलटं उमटलेलं असणार. पाठीवर सगळी तांबडी माती, त्यात घामाचे डाग. मामा आरशात बघून म्हणाले, "इथं एक गाठ दिसती. 'न'ची गाठ असते तशी."

"ती बुंदी आहे मामा. भेळेतली."

"हां. बुंदी आहे."

मग मामांनी पेंटरकी लावली. फाळक्यापुढं उकिडवे बसले आणि मधली जागा बोटांनी मोजली. "एवढ्यात 'न' बसतो. आरामात बसतो."

"ती लांब लांब लिहिते मामा. आधी वरची रेघ ओढून घेते या टोकापासनं त्या टोकापर्यंत, दोरी बांधल्यासारखी. मग अक्षरं वाळत घालते. तिच्या दोन अक्षरांत म्हैस बसेल."

"प्रश्नचिन्ह?"

"ती कधीच देत नाही. बोलताना पण देत नाही. 'जेवणार.' असं म्हणते आणि ताट घेऊन उभी राहते."

मामा हसले. मला हसू येईना. कारण त्याच्या मागच्याच आठवड्यात मी दोन ट्रकांवर मिळून एक वाक्य पाठवलं होतं. एकावर 'जत्रेला', दुसऱ्यावर 'येतो'. गावची जत्रा तोंडावर आली होती. ताडपत्रीखाली झोपून रात्रीचं गावात शिरायचं, तिला भेटायचं आणि उजाडायच्या आत बाहेर, असा माझा बेत. म्हणजे 'येऊ नका' हे त्याचं उत्तर असू शकत होतं. नाहीतर मग ती मला विचारत होती, मीच येऊ का. एका 'न'वर माझा अख्खा संसार टांगलेला.

"फोन कर बे," मामा म्हणाले. "एवढं आरशात कशाला बघत बसलास?"

केला. चौकातल्या पिवळ्या डब्यातनं. कोरेशेठनं "थांब" म्हणून आबांना हाक मारली. आमचे आबा फोनवर असे बोलायचे की सोलापूरला थेटच ऐकू जावं.

"बोल!"

"आबा, बरं आहे का?"

"बरं हाय. तुझा हवालदार हितंच बसलाय बघ. जत्रंला तू येशील म्हणून रोज येतोय. च्या पितोय, बिस्कुटं खातोय. देऊ का फोन त्याला?"

"नको नको! शालन कुठाय?"

"पिशवी भरतीया."

"कसली पिशवी?"

"मी न्हाई इचारलं. परवा तिचा बा येऊन गेला. म्हणाला, जत्रा झाली की पोरीला घिऊन जातो. तडीपाराच्या नावानं किती दीस बसवून ठेवायची म्हणाला."

"मग? ती काय म्हणाली?"

"मला काय म्हणंल ती? मी सासरा हाय. भांडी जरा जोरात आपटत हुती, एवढं कळलं. बोलवू का तिला?"

मला सगळं दिसलं. कोरेशेठ गल्ल्यावर कान टवकारून. हवालदार बिस्किट बुडवून थांबलेला. चारपाच डायवर. आणि मधे पदर सावरत शालन, हातात रिसीव्हर. ती म्हणणार 'बरं आहे', मी म्हणणार 'बरं आहे'.

"नको," मी म्हणालो.

"मग निरोप काय सांगू?"

सांगायला एवढं होतं. शेवटी म्हणालो, "हवालदाराला बिस्किटं देऊ नका म्हणावं. सवय लागेल."

आबा मोठ्यानं हसले. तिकडं सगळ्यांना सांगितलं असणार, कारण मागनं पण हशा ऐकू आला. फोन ठेवला.

शेडात येऊन मी मामांना सगळं सांगितलं.

"हवालदार बसलाय म्हणजे 'येऊ नका'," मामा म्हणाले.

"आणि पिशवी?"

"पिशवी म्हणजे 'येऊ का'."

"नाहीतर माहेर."

मामांनी कानावरचा ब्रश काढून पुन्हा अडकवला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. मग म्हणाले, "नाहीतर माहेर."

"मी जातो मामा. ज्ञानू उद्या परत चाललाय. त्याच्या ताडपत्रीखाली झोपून जातो. सासरा यायच्या आत तिला समोरासमोर विचारतो."

"आणि धरला तर? मग जेल. मग सासरा म्हणेल, आधी नुसता तडीपार होता, आता कैदी झाला. आणि तिनं 'नका' लिहिलं असेल तर? पोरीनं येऊ नका म्हणायचं आणि तू जाऊन उभा राहायचास?"

"आणि 'येऊ का' लिहिलं असेल तर? ती विचारणार आणि मी गप्प बसणार? गप्प बसलं म्हणजे नाहीच की."

संध्याकाळपर्यंत मी फाळक्यापुढं उकिडवा बसून राहिलो. ज्ञानूसुद्धा घाबरला. म्हणाला, "सुब्या, पायजे तर पुन्हा च्यात तुरटी टाक, पण आसा बसू नकोस."

रॉकेलच्या डब्यात ब्रश धुता धुता मला सुचलं.

"मामा, समजा कुणी विचारलं, येऊ का. उत्तर काय?"

"हो."

"आणि समजा कुणी म्हणालं, येऊ नका. तर?"

मामांनी थोडा विचार केला. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. "हो," ते म्हणाले. "हो, नाही येत. साला! एका दगडात दोन्ही."

आता अडचण ज्ञानूची होती. कारण या वेळी कोपऱ्यातल्या चार बोटांवर भागणार नव्हतं. तिच्या नजरेतनं सुटलं तर संपलंच. मला अख्खा फाळका पाहिजे होता.

"नुस्तं 'हो'?" ज्ञानू किंचाळला. "आरं, लोक देवाचं नाव घालत्यात, पोरांची नावं घालत्यात. माझी गाडी 'हो' म्हणत फिरणार? कशाला हो? कुणाला हो?"

"ज्ञानू, वाटेत तुला अडवतं कोण?"

"पोलीस. आरटीओ."

"ते काय म्हणतात?"

"हे न्हाई, ते न्हाई. पावती न्हाई, लायसन न्हाई."

"बघ. समोर 'हो' लिहिलेलं दिसलं की माणसाच्या तोंडातनं 'नाही' निघत नाही. आंध्रात सगळ्या गाड्यांवर असतं. तेलुगूत."

ज्ञानूनं मामांकडं बघितलं. मामांनी डोळे मिटून मान डोलावली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून नुसती मान.

"मग जरा मोठं काढ," ज्ञानू म्हणाला.

सकाळी मी फाळका धुतला. तिचं 'येऊ' आणि 'का' माझ्याच हातानं पाण्याबरोबर खाली गेलं. निळा हात दिला, वाळला, मग पांढरा घेतला. 'ह' काढला, काना काढला, वर मात्रा दिली. एवढं लिहायला किती वेळ लागतो? मला दुपार झाली.

"सावली दे अक्षराला," मामा म्हणाले. "लाल सावली, कडेला फूल. उठून दिसेल."

"राहू दे."

"खाली तुझं काहीतरी टाक की. टोमणा, गंमत. तुझं आहे कळायला नको?"

मी ब्रश नेला पण. त्या कोपऱ्यात. काहीतरी खवचट सुचेल म्हणून थांबलो. फळ्यापुढं मला कधी थांबावं लागलं नव्हतं. ब्रशातला पांढरा थेंब खाली गळून पडला, तरी सुचलं नाही.

"राहू दे मामा," मी म्हणालो. "एवढंच."

ज्ञानूचा ट्रक 'हो' म्हणत गेला. लांब वळणावर जाईपर्यंत ते दिसत होतं.

जत्रेच्या दिवशी मी शेडात एकटाच होतो. मामा कुणाच्या तरी लग्नाला गेलेले. गावात त्या वेळी काय चाललं असेल ते मला घड्याळ न बघता कळत होतं. आत्ता पालखी निघाली. आत्ता आबांनी दुसरी शेगडी पेटवली. आत्ता सासरा आला. दुसरा दिवस पण तसाच गेला. एका ट्रकवर 'आईचा आशीर्वाद' लिहायचा होता, तो मी 'आईचा आशी' लिहून तसाच सोडून दिला. हात पुढं जाईना. अर्ध्यावर थांबायची सवयच लागली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी हॉर्न वाजला. ज्ञानूचा हॉर्न मी ओळखतो, रेड्यासारखा आहे. मी उठलो नाही. मामाच बाहेर गेले आणि बाहेरनंच ओरडले, "सुब्या! अबे सुब्या, ये लवकर!"

ट्रकच्या केबिनमधनं एक पाय खाली टेकायला जागा शोधत होता. पाठमोरी, एका हातात पिशवी. पाय पोहोचेना. ज्ञानू खालनं "वहिनी, दांड्याला धरा, दांड्याला" म्हणत नाचत होता. मग तिनं उडी मारली.

शालन सरळ माझ्यासमोर आली. मामा, ज्ञानू, शेजारच्या शेडातली माणसं, कुणाकडं बघितलं नाही. तळहात माझ्या कपाळाला लावला. मग गळ्याला.

"ताप न्हाई," ती म्हणाली. "मग काय झालंय तुमास्नी?"

"मला? मला काय झालंय?"

"वाळलाईसा. दाढी बघा. काय झालंय ते सांगा आधी."

"काही नाही गं. तू विचारलंस येऊ का, मी हो म्हणालो. तू आलीस. मला काय होतंय?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "मी कवा इचारलं?"

"फाळक्यावर. 'येऊ का'."

"मी 'येऊ नका' लिवलं हुतं," शालन म्हणाली. "तुमचं 'येतो' आलं तवा. हवालदार रोज येऊन बसतोय, आणि हे यायचं म्हणत्यात. घाबरून लिवलं."

मागं मामांनी हळूच "'न' होता" असं म्हटलेलं मला ऐकू आलं. ज्ञानूनं आपल्या पाठीवरनं हात फिरवला.

"मग 'येऊ नका' म्हणालीस तर आलीस कशी?"

"तुम्ही 'हो' म्हटलासा म्हणून."

"अगं, मी 'हो' म्हणजे… नाही येत, असं…"

"ते कळलं मला. तेच कळलं." तिचा आवाज चढला. "लग्न झाल्यापासनं तुम्ही माझ्या कुठल्या गोष्टीला सरळ 'हो' म्हटलासा? मीठ मागितलं तर साखर देणारा माणूस. 'येऊ नका' म्हटल्यावर काहीतरी उलटं येणार म्हणून मी नाक्यावरची प्रत्येक गाडी बघत हुते. भांडण येईल, टोमणा येईल. हवालदाराच्या नावानं काहीतरी चावट येईल. आणि आलं काय? 'हो'. एवढ्या मोठ्या फळीवर नुस्तं 'हो'. खाली फूल न्हाई, काय न्हाई. गाडी वळून जाईस्तोवर बघत हुते, कुठं कोपऱ्यात तरी काय असंल. कोपरा मोकळा." ती थांबली. "म्हटलं, ह्यो माणूस सरळ 'हो' म्हणतोय म्हणजे तिकडं ह्येचं काय शिल्लक राहिलेलं न्हाई."

मी तिच्या हातातली पिशवी घ्यायला गेलो, तिनं दिली नाही.

"आणि तुझे वडील?" मी विचारलं.

"आलते. जत्रंच्या दुसऱ्या दिवशी. त्यांच्यासमोरनंच ज्ञानूभावजींच्या गाडीत बसले. म्हटलं, पोरगी न्यायची हाय न्हवं, मग सोलापूरला या न्यायला. आबा म्हणाले, जा. एवढंच म्हणाले. मग हवालदाराला च्या दिली आणि त्येच्या म्होरं उभं राहिले, त्येला काय दिसू नये म्हणून. त्येला काय, मी कुठं तडीपार हाय?"

"आणि ही पिशवी?"

"ही तर तुमच्यासाठीच भरली हुती. ज्ञानूभावजींच्या हाती पाठवणार हुते. मग म्हटलं, पिशवीला काय बोलता येतंय."

"शालन," मी म्हणालो, "मी 'जत्रेला' पण पाठवलं होतं. 'येतो'च्या आधी. वेगळ्या गाडीवर."

"ते न्हाई आलं. नुस्तं 'येतो' आलं. कधी ते कळंना." ती जरा हसली. "रोज सांजच्याला तुमच्या वाटणीचं पीठ मळत हुते. सकाळी म्हशीला घालत हुते. म्हैस बघा, जाडी झालीय."

"ते लातूरला गेलं," ज्ञानू मधेच म्हणाला. "त्या गाडीचा डायवर माझा साडू हाय. म्हणत हुता, माझ्या गाडीवर 'जत्रेला' कुणी लिवलंय, लोकं इचारत्यात कुठल्या जत्रंला."

मामांनी ज्ञानूच्या दंडाला धरून त्याला बाहेर ओढत नेलं. जाता जाता शेजारच्या शेडातल्या माणसांना पण हाकललं.

आत आम्ही दोघंच राहिलो. शालननं शेडाकडं एक नजर टाकली. रंगाच्या डब्यांवर टाकलेली फळी, त्यावरचं माझं अंथरूण. रॉकेलचा वास. अर्धवट सोडलेलं 'आईचा आशी'. सगळं बघून झाल्यावर ती एका डब्यावर बसली, पिशवी पायाशी घेतली.

"बोला आता," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"जे काय हाय ते. मी म्होरं बसलीया. जागा भरपूर हाय. अख्खं बोला."

मी तोंड उघडलं. तोडून तोडून पाठवलेलं, लातूरला गेलेलं, नागपूरला गेलेलं, चार बोटांत न मावलेलं, सगळं एकदम नाक्यावरच्या गाड्यांसारखं तुंबलं. त्यातनं वाट काढून एकच बाहेर पडलं.

"जेवलीस का?"

"न्हाई," शालन म्हणाली. "तुम्ही?"

"नाही."

तिनं पिशवीतनं भाकऱ्या काढल्या, वरची मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली. मी पहिला घास घेतला आणि मला काही दिसेना. भाकरी दिसेना, शेड दिसेना, समोर बसलेली ती पण पुसट झाली. मी मान खाली घालून नुसता चावत राहिलो.

"चटणी जरा तिखटच झालीया औंदा," शालन म्हणाली, माझ्याकडं न बघता.

चटणी अजून फडक्यातच बांधलेली होती.